अर्धा तोळा साखर

फाल्गुन वद्य सप्तमी, शके १८६७. साखर अर्धा तोळा, पाणी दोन तोळे. वेळ, ऊन शेवग्याच्या बुंध्याला टेकतं ती. जागा, परसातला धुण्याचा दगड. हजर : मी आणि तुमची लेक अनसूया. तो अजून आलेला नव्हता.

मामा, तुम्ही गेल्याला आज चौदावा दिवस. तेरा दिवस परसात कोणी साखरपाणी घेऊन बसलं नाही. घरात माणसं होती. पुसेगावाहून तुमचा पुतण्या आला होता, त्याने सगळं रीतीने केलं. काल दुपारच्या आत सगळे गेले. आज सकाळी मी तुमच्या दगडावर बसलो, तुम्ही शिकवलं तसं जास्वंदीचं फूल दोन बोटांत उताणं धरलं, त्यात साखरपाणी ओतलं आणि वाट पाहत राहिलो. थोड्या वेळाने खांदा दुखायला लागला. तेव्हा मनात आलं की तीन वर्षं तुम्ही हे रोज करत होतात आणि खांदा दुखतो असं एकदाही म्हणाला नव्हतात.

तुमच्याबद्दल लोकांना सांगायचं ते तेराव्यापर्यंत सगळं सांगून झालं. किती शेत होतं, किती साली मामी गेल्या, स्वभाव कसा होता. ते मी इथे पुन्हा मांडत नाही. मला बोलायचंय ते तुमच्याशीच. आपल्या दोघांत एक चूक माझी झाली आणि एक तुमची. माझी मला वर्षभर ठाऊक आहे. तुमची कालच कळली.

अनसूयेची एकच इच्छा होती. बापाने तिच्या घरचा एक घास खावा. बाकी तिने देवाकडे काय काय मागितलं आणि काय मागायचं सोडून दिलं ते मला माहीत नाही, पण ही इच्छा तिने सोडली नव्हती.

तुम्ही आलात तेव्हा लढाई चालू होती. बैलगाडी दारात थांबली. गाडीत दोन पोती ज्वारी, एक गाठोडं तुरीची डाळ, मिठाची पुडी, तिखटाचा डबा, एक तांब्याची घागर, आणि या सगळ्याच्या मागे, जणू तेही एक सामानच, असे तुम्ही.

“पोती कशाला आणली मामा?” मी विचारलं.

“खायाला.”

“आमच्या हिंगोलीत काय ज्वारी मिळत न्हाई आबा?” अनसूया म्हणाली.

“तुमची मिळते. माही कुठं मिळते?”

लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, हा नेम आपल्याकडे जुना. बहुतेक बाप वर्ष-दोन वर्षं पाळतात, नातवाचं तोंड बघतात आणि जेवायला बसतात. आमच्या लग्नाला तेव्हा सोळा वर्षं झाली होती.

तर तुमची ज्वारी, दर सुगीला पुसेगावाहून नवी यायची तीही, वेगळी दळली जायची, वेगळी चाळली जायची. पाणी तुम्ही मारुतीच्या देवळापाशी असलेल्या गावविहिरीवरून आणायचात. जायला दोनशे वीस पावलं. पहिल्या आठवड्यात मी सहज म्हणून गेलो, “पण मामा, जळण तर आमचं आहे.” दुसऱ्या दिवशी तुम्ही डोक्यावर कपाशीच्या पळाट्यांची मोळी घेऊन दारात उभे. मोळी टाकलीत आणि म्हणालात, “आता निस्ता धूर राहिला. त्याचं काय ते तुमी सांगा.”

मी मोंढ्यात मापाडी आहे. एकाचा माल दुसऱ्याला तोलून द्यायचा आणि आपल्या हाताला दाणा चिकटू द्यायचा नाही, एवढंच माझं काम. त्यामुळे तुमचा नेम मला मनापासून पटत होता. एवढं काटेकोर माणूस घरात आलं याचं मला बरंच वाटलं. अनसूयेला मात्र पटत नव्हतं. ती तुमच्या पुढ्यात भाकरी टाकायची आणि म्हणायची, “पीठ मळते मी, थापते मी, भाजते मी. मग ही भाकर कुणाच्या घरची, सांगा.”

“हात तुहा. ज्वारी माही.”

“मग हातच खा माहा.”

तुम्ही हसायचात आणि भाकरी खायचात. ती हसायची नाही.

परसाचं वेड तुम्हाला कधी लागलं ते नेमकं सांगता येईल. आल्यावर दुसरा महिना. तुमच्या डोळ्यांत पडदा आला होता, लांबचं धूसर दिसायचं, म्हणून तुम्ही धुण्याच्या दगडावर बसून जवळचं बघायचात. जास्वंद जवळच. तिच्यावर फुलचुखी यायची. काळी म्हणावी तर ऊन पडताच निळी, मान वळवली की जांभळी, आणि बोटाच्या पेराएवढा जीव, बाकदार चोच. तुम्ही मला म्हणालात, “जावईबापू, हे पाखरू फुलाला इचारून आत जातं. बघा.” मी पाहिलं. खरंच, आत शिरायच्या आधी ते फुलासमोर हवेत क्षणभर थांबत होतं. मी सोळा वर्षं त्या परसात तोंड धूत होतो आणि हे मला दिसलं नव्हतं.

मग तुम्ही फूल खुडून हातात धरायला लागलात. आधी दगडापासून लांब, हात पुढे करून. आठ दिवस पाखरू फिरकलं नाही. मग लांबून बघून गेलं. मग फांदीवरून. तुमच्याजवळचा गूळ होता तो पाण्यात कालवून तुम्ही फुलात ओतायचात, पण त्याला मुंग्या यायच्या, मधमाश्या यायच्या, पाखरू तेवढं यायचं नाही. अनसूयेने एके दिवशी साखर आणून ठेवली. एकोणिसाव्या दिवशी ते तुमच्या अंगठ्यावर बसलं.

ती सकाळ मला स्वप्नासारखी आठवते. मी चहा पीत दारात होतो. शेवग्याची फुलं गळत होती, वारा नसताना, एकेक. तुम्ही दगडावर, पाठ ताठ, पडदा आलेले डोळे अर्धे मिटलेले. हाताशी एक निळा ठिपका हलत होता. आवाज कुठलाच नव्हता. परसाची भिंत, रांजण, दोरीवरचं धुणं, सगळं त्या ठिपक्याभोवती जरा वर उचलल्यासारखं झालं होतं. माझ्या हातातली कपबशीसुद्धा हलकी वाटली. पाखरू उडून गेल्यावर सगळं पुन्हा आपल्या वजनाने खाली बसलं. तुम्ही डोळे उघडून म्हणालात, “तुमच्या काट्यात बसायचं न्हाई हे.”

“पाऊण तोळा असेल,” मी म्हणालो.

“असंल. पर मला काही लागलं न्हाई हाताला.”

साखर तेव्हा कार्डावर, मोजून मिळायची. रोज अर्धा तोळा म्हणजे महिन्याला पावशेराला पाच तोळे कमी. मी तसं बोललोही. तुम्ही रागावला नाहीत. म्हणालात, “साखर तुमची, परस तुमचं, पाखरू तुमच्या परसातलं. मी निस्ता हात हाय.”

 मी चहात गूळ घालायला लागलो. निम्म्या वेळा दूध फाटायचं.

एक गोष्ट मी रोज पाहायचो आणि ती मला फार आवडायची, म्हणून आज लिहितो. पाखरू पिऊन गेलं की तुमच्या तळहातावर थोडं साखरपाणी उरायचं. कोणीही असता तर सहज चाटून टाकलं असतं. तुम्ही उठून तो हात शेवग्याच्या बुंध्याला पुसायचात. साखर आमची होती. त्या बुंध्यावर मुंग्यांची एक रांग कायमची झाली. ती अजून आहे. आज सकाळी मी बसलो होतो तेव्हा त्या वर चालल्या होत्या. तेरा दिवस तिथे काहीच नव्हतं, तरी जात होत्या.

पावसाळ्यात तुम्हाला ताप आला तेव्हा मला बसवलंत. मी फूल धरून ताठ झालो. तुम्ही ओसरीतून सांगितलंत, “श्वास धरू नका जावईबापू. धरलेला श्वास पाखराला कळतो. त्याला वाटतं, हे काहीतरी घ्यायला बसलं.” मी श्वास सोडला. ते आलं. तेव्हा मला पहिल्यांदा त्याच्या उजव्या पायाचं मागचं नख दिसलं, आत वळलेलं, विळ्यासारखं. त्याच्या पंखांचा वारा मनगटाला लागला, लागला न लागला. दुपारी मोंढ्यात मी कापसाचे ठासून भरलेले बोद तोलत होतो. काट्याची दांडी वर-खाली होत होती आणि मध्येच मला रिकाम्या पारड्यात तो बसलेला दिसला, दांडी सरळ, दुसऱ्या पारड्यातही काही नाही. आडत्याने हाक मारली तेव्हा मी भानावर आलो. आकडा बरोबर सांगितला. पण तेवढा वेळ मी कुठे होतो, ते आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

पावसाळा संपताना तो निळा दिसेनासा झाला आणि एक मळकट पिवळा, छातीवरून काळी रेघ ओढलेला, यायला लागला. मी म्हणालो, पहिला गेला, हा दुसरा. तुम्ही म्हणालात, तोच हाय, कापडं धुवायला टाकली. आपण दिवाळीपर्यंत भांडलो. मी म्हणायचो रंग दुसरा तर पाखरू दुसरं. तुम्ही म्हणायचात, “मंग मी काढला फेटा तर मी दुसरा व्हतो का?” शेवटी तो अंगठ्यावर बसला तेव्हा मी नख पाहिलं. वाकडं होतं. मी तुम्हाला ते लगेच सांगितलं नाही, तीन दिवसांनी सांगितलं. तुम्ही एवढंच म्हणालात, “बराबर.” तीन दिवस का लागले ते विचारलं नाहीत.

आता ती पाडव्याची गोष्ट. मागच्या पाडव्याची. नऊ दिवसांनी तिला वर्ष होईल.

माघापासून मादीने धुण्याच्या दोरीच्या लोंबत्या टोकाला घरटं बांधायला घेतलं होतं. कोळ्याचं जाळं, पळाट्यांची साल, कापसाचे पुंजके, आणि बाहेरून चिकटवलेला माझ्याच मोंढ्यातल्या चिठ्ठीचा कपटा. त्यावर माझ्या अक्षरातला सात दिसत होता. अनसूयेने त्या दोरीवर धुणं वाळत घालणं बंद केलं, ओली लुगडी जास्वंदीपलीकडे भिंतीवर टाकायला लागली. पाडव्याच्या आदल्या दिवशी पिल्लं निघाली. दोन. तुम्हाला ती दिसली नाहीत, पण ऐकू आली. तुम्ही संध्याकाळपर्यंत त्या दोरीखाली बसून होतात.

पाडव्याला पान मांडताना तुम्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात येऊन उभे राहिलात. आंघोळ झालेली, फेटा बांधलेला.

“अनसे, आज माहं पान ह्यांच्या शेजारी मांड.”

“तुमचं पीठ अजून मळायचं हाय आबा.”

“राहू दे ते पीठ. पोळी वाढ. तुपासकट.”

तिच्या हातात उलथणं होतं. ते तसंच राहिलं. “आबा, नेम?”

“नेम काय हाय? लेकीच्या घरी लेकरू व्हावं. परसात जाऊन बघ. दोन झालीत. तुह्या दोरीवर, तुह्या साखरंवर. आता बापानं जेवावं न्हाई तर काय करावं?”

ती हसली. मामा, तुम्हाला तेव्हा नीट दिसत नव्हतं, म्हणून सांगतो. ती लग्नात हसली होती तशी हसली, पदर तोंडाशी न नेता. तिने पाट मांडला, पान मांडलं, पोळी वाढली, तूप इतकं ओतलं की पानाच्या कडेला आलं. तुम्ही तुकडा मोडलात. तुपात बुडवलात.

आणि मी म्हणालो, “मामा, पाखराची पिल्लं हिशोबात कशी धरायची? पंधरा दिवसांनी उडून गेली, म्हणजे मग?”

थट्टेने म्हणालो असतो तरी चाललं असतं. मी थट्टेने म्हणालो नाही. मला खरंच वाटलं की एवढी वर्षं पाळलेला नेम तुम्ही भावनेच्या भरात मोडाल आणि उद्या हळहळाल. तोलताना पारडं जरा झुकलं की मी बोट लावून थांबवतो, तसं ते झालं. सवयीचं बोट.

तुम्ही तुकडा पानाच्या कडेला ठेवलात. हळूच, जसं फूल ठेवायचात.

“बराबर हाय,” म्हणालात. “जावईबापू बराबर बोलून राहिले.”

तुम्ही उठलात, तुमच्या घागरीतल्या पाण्याने हात धुतलात आणि परसात जाऊन बसलात. पोळी गाईला गेली. अनसूयेने तुमचं पीठ मळलं, भाकरी केली, तुम्ही ती खाल्लीत. सगळं रोजच्यासारखं. भांडी घासताना ती मला म्हणाली,

“काहून बोल्ले तुमी?”

“खरं तेच बोललो.”

“खरं इचारलं कुणी व्हतं?”

 

पिल्लं सोळाव्या दिवशी उडाली. तुम्ही त्या दिवसाचा पुन्हा विषय काढला नाहीत, माझ्याशी बोलणं कमी केलं नाहीत, उलट मला रोज शेजारी बसवायला लागलात. “आज तुमी धरा.” मी धरायचो. तुम्ही शेजारी बसून ऐकायचात. कधी कधी वाटायचं की आता बोलावं. दोन शब्द होते. मामा, जेवा. हिशोबाला सोपे, उच्चाराला सोपे. फूल हातात असताना बोललं तर पाखरू उडेल म्हणून थांबायचो, आणि पाखरू उडाल्यावर तुम्ही हात पुसायला उठायचात. असं एक वर्ष गेलं. वर्ष म्हणजे तरी काय, त्या दगडावरची एकच लांब सकाळ. ऊन बुंध्यावरून खाली उतरतं आहे, तो येतो आहे, जातो आहे, निळा होतो आहे, मळतो आहे, पुन्हा निळा होतो आहे, आणि मी बोलणार आहे.

नवमीची सकाळ. तुमच्या आजारपणाचा सहावा दिवस. छाती भरून आली होती. वैद्य आदल्या दिवशी सांगून गेले होते. उजाडल्यावर परसातून त्याचा चिवचिवाट आला आणि तुम्ही बोट हलवून अनसूयेला खुणावलंत, त्याला दे. तिने वाटीत साखरपाणी केलं, फूल आणलं, पण तुम्हाला सोडून परसात जाईना. वाटी उशाशीच राहिली. मग तुमचे ओठ सुकले. तुम्ही पाणी मागितलंत. मी घागर कलती केली. रिकामी.

“रांजणातलं देते,” अनसूया म्हणाली.

“थांब,” मी म्हणालो. “त्यांचं आणतो.”

तुम्हाला शेवटच्या क्षणी परक्या पाण्याने बाटवायचं नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं. परकं! माझ्याच घरचं पाणी. मी घागर घेऊन धावत गेलो. विहिरीवर एका बाईचा पोहरा आत पडला होता, गळ टाकून काढणं चाललं होतं, सहा जणी थांबल्या होत्या. घरात माणूस जातंय, एवढं म्हणालो असतो तर सगळ्या बाजूला झाल्या असत्या. मी माझा नंबर येईपर्यंत उभा राहिलो. नंबर मोडणं मला आयुष्यात कधी जमलं नाही. भरलेली घागर घेऊन मी परत आलो तेव्हा तुम्ही गेला होतात. अनसूया उशाशी बसली होती. तिचा उजवा हात ओला होता. जास्वंदीचं फूल चुरगळून पडलं होतं. मी काही विचारलं नाही. घागरीतल्या पाण्यात तुळशीचं पान बुडवून तुमच्या ओठांवर ठेवलं. पाणी बाजूने ओघळलं.

तेरा दिवस मला तेच दिसत होतं. दोनशे वीस पावलं जाताना, दोनशे वीस येताना, आणि मध्ये उभा मी. तुम्ही तहानलेले गेलात, माझ्यामुळे. आणि उपाशी गेलात, तेही माझ्यामुळे.

काल माणसं गेल्यावर मी तुमची ज्वारी तोलली. तेवीस शेर भरली. मी अनसूयेला म्हणालो, “मोंढ्यातून पुसेगावकडे गाडी जाते. तिच्याबरोबर पाठवून देऊ. मामांनी शेवटपर्यंत आपल्या घरचं काही घेतलं नाही. उरलं ते त्यांचं. पोचतं करायला पाहिजे.”

ती सूप घेऊन बसली होती. मान वर न करता म्हणाली, “घेतलं.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. तिने सूप खाली ठेवलं.

“तुमी विहिरीवर गेले तवा. आबांचे ओठ हलून राहिले व्हते. मला थांबवेना. वाटीतलं फुलात घेतलं आन् तोंडाशी धरलं. आबांनी चोखलं. म्हन्ले, अजून. मंग म्या तळहातावर ओतलं अन् तळहातच धरला तोंडाशी.”

“पाणी कुठलं होतं?” मी विचारलं. पाहा मामा, मी विचारलंच.

“आपल्या रांजणातलं. साखर बी आपली.”

“त्यांना कळलं होतं?”

“म्या सांगितलं ना. आबा, हे आपल्या घरचं हाय, म्हन्लं. चालंल का. तर म्हन्ले, गोड हाय गं. सगळं पेले. तळहात चाटून घेतला.”

 मग तिच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं. पाडव्यानंतर मी ते पाहिलं नव्हतं.

“आन् मंग म्हन्ले, जावईबापूंला सांगू नको. हिशोब करत बसतील.”

आम्ही दोघं हसलो. तेरा दिवसांत पहिल्यांदा. हसता हसता ती रडली, आणि मी सूप उचलून तिच्या हातात दिलं, कारण दुसरं काय द्यायचं ते सुचेना.

ही तुमची चूक, मामा. मला सांगू नको म्हणालात. तुम्हाला वाटलं, मी पुन्हा बोट लावीन. म्हणेन की आजारी माणसाचं धरायचं नाही, किंवा साखरपाणी म्हणजे अन्न नव्हे, किंवा ते पाखरासाठी केलेलं होतं. वर्षभरात मी तुम्हाला तसं वाटू दिलं, म्हणजे ही चूकसुद्धा खरी माझीच. पण तेवढी तुमच्या नावावर राहू दे. सगळंच माझ्याकडे घेतलं तर तुमच्याशी भांडायला काही उरणार नाही.

मी धरतो. ऐकताय ना? एक तळहात साखरपाणी, लेकीच्या घरचं, लेकीच्या हातचं, मी धरतो. पिल्लंही धरतो. दोन्ही.

ज्वारी मग पाठवली नाही. अनसूयेने विचारलं, “काय करायचं हिचं?” मी म्हणालो, त्यांनी आपलं खाल्लं, तर आपण त्यांचं खाऊ. संध्याकाळी तिने तुमच्या पिठाच्या तीन भाकरी केल्या. तुमचंच मीठ, तुमचंच तिखट. तीन वर्षं ती ज्वारी आमच्या घरात होती आणि आम्ही तिचा घास खाल्लेला नव्हता. तुमचा नेम आम्ही उलट्या बाजूने पाळत होतो आणि ते लक्षातही आलं नव्हतं. ज्वारी गोड आहे मामा. पुसेगावच्या काळ्या रानाची आहे, असणारच. चाळणीच मात्र चुकून आमची घेतली गेली. अनसूया म्हणाली, राहू द्या आता.

म्हणून आज सकाळी मी दगडावर बसलो. अनसूया माझ्या मागे, उंबऱ्यात. खांदा दुखत होता. मला वाटलं, तेरा दिवसांत त्याने दुसरं परस धरलं असेल. मग लक्षात आलं की मी श्वास धरून बसलो आहे. सोडला.

ऊन बुंध्यावरून जास्वंदीवर आलं. मुंग्या वर चालल्या होत्या. दोरीच्या टोकाला मागच्या वर्षीचं घरटं अजून लोंबतं आहे, फाटलेलं, पण कागदाचा कपटा आहे आणि त्यावरचा सात पुसट दिसतो. कुठूनसा एक निळा ठिपका आला आणि फुलासमोर हवेत थांबला. विचारत होता. मग अंगठ्यावर बसला. तुम्ही म्हणायचात ते खरं. हाताला काही लागलं नाही.

तो प्यायला. मध्येच मान वर केली, तुमच्या ओसरीकडे पाहिलं असं मला वाटलं, पण ते मी लिहिणार नाही, कारण पाखरं तशीही सगळीकडे पाहतात. पुन्हा प्यायला. गेला. माझ्या तळहातावर थोडं उरलं होतं. मी सवयीने शेवग्याकडे वळलो, तर मागून अनसूया म्हणाली, “पुसू नका.” तिने माझा हात ओढून घेतला, आणि उरलेलं आम्ही दोघांनी चाटलं, आधी तिने, मग मी. थोडं बुंध्याला लावलं, मुंग्यांसाठी. त्यांचाही नेम आहे.

तर शेवटी दिलं ते असं : साखर अर्धा तोळा, पाणी दोन तोळे, रांजणातलं. घेणारा, उजव्या पायाचं मागचं नख वाकडं असलेला तो. देणारे तुम्ही.

मी निस्ता हात.